जीपीएस बसवलेल्या गाडीचे ओळख क्रमांक: कोणता कशाचा, कुठे सापडतो, कुठे चुकतो

गाडी लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन उतरवतेय आणि स्क्रीनवर तीच गाडी नांदेड रस्त्यावर साठच्या वेगानं पळताना दिसतेय. अशा वेळी पहिला संशय उपग्रहावर जातो, दुसरा नेटवर्कवर. कारण मात्र बहुतेक वेळा साधं असतं. एकाच दिवशी दोन गाड्यांत जीपीएस मशीन (ट्रॅकर) बसवली गेली आणि नोंद करताना एकीच्या मशीनचा क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दुसरीच्या नावावर पडला. उपग्रहानं जागा बरोबर सांगितली, सर्व्हरनं ती बरोबर पोचवली, चुकलं ते फक्त गाडीचं नाव.

एका ट्रकभोवती सात-आठ क्रमांक असतात आणि त्यातला प्रत्येक एकाच गोष्टीची ओळख देतो. आयएमईआय मशीनचा असतो, आयसीसीआयडी सिमचा. चासी नंबर गाडीच्या सांगाड्याचा आणि पासिंग नंबर आरटीओतल्या नोंदीचा. फास्टॅग टोलच्या खात्याचा, ड्रायव्हरचं ओळखकार्ड किंवा ओळख-चावी माणसाची आणि ई-वे बिल मालाचं. यातला कोणताही क्रमांक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. टँकरच्या खेपांचं बिल, कारखान्याकडचं ऊसवाहतुकीचं पेमेंट, महाखनिज या सरकारी पोर्टलवरचा वाळूचा वाहतूक परवाना ही सगळी कामं या क्रमांकांची जोडी बरोबर असण्यावर उभी आहेत. म्हणून प्रत्येक क्रमांक कसा वाचायचा, कसा तपासायचा आणि जोडी कशी सांभाळायची ते क्रमानं पाहू.

आधी गाडी

सुरुवात चासी नंबरापासून करा, पासिंग नंबरापासून करू नका. पासिंग नंबर बदलू शकतो. गाडी दुसऱ्या राज्यात गेली की नवा नंबर येतो, आणि नव्या गाडीला पहिले काही दिवस तात्पुरता नंबर असतो. चासी नंबर गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. हा नियम लक्षात राहिला की नोंदीतली निम्मी चूक जागीच पकडता येते. कुणी चासी नंबरात ओ लिहिला असेल तर तो शून्यच आहे. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमए१ महिंद्रा, एमए३ मारुती सुझुकी, एमबी१ अशोक लेलँड, एमडी२ बजाज. दहाव्या जागी बऱ्याच कंपन्या वर्षाचं अक्षर ठेवतात: २०२२ ला एन, २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस. मधले ओ आणि क्यू गळाले ते वरच्याच नियमानं. तरी वर्षासाठी शेवटचा आधार आरसीचाच धरा.

इंटरनेटवरच्या काही तपासणी पानांवर आपल्याकडच्या गाडीचा नंबर टाकला की ‘अवैध’ असं उत्तर येतं. त्यानं घाबरू नका. नववा अंक पडताळणीचा असण्याची सक्ती उत्तर अमेरिकेत आहे, भारतात नाही. ते पान अमेरिकी नियमानं हिशोब करतं.

नंबर आरसीवरून उतरवून घेऊ नका. सांगाड्यावर ठोकलेला नंबर कापडानं पुसून, बॅटरीच्या उजेडात फोटो काढा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. ट्रकला तो बहुधा पुढच्या उजव्या चाकाजवळ सांगाड्यावर असतो आणि चिखल-ग्रीसखाली दडलेला असतो. ८ आणि बी, ५ आणि एस, २ आणि झेड या जोड्या फसवतात. शेवटचे पाच अंक तर दोनदा तपासा. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर बहुतेक कामांना पासिंग नंबरासोबत तेच पाच मागितले जातात.

पासिंग नंबराची गोष्ट वेगळी. मराठवाड्यात एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली आणि ४४ अंबाजोगाई. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. गडबड होते ती लिहिण्यात. एकाच गाडीची नोंद एका शीटमध्ये ‘एमएच-२०-एबी-१२३’, दुसरीत ‘एमएच २० एबी ०१२३’ आणि ई-वे बिलात तिसऱ्याच पद्धतीनं असते. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन गाड्या झाल्या. एकच रूप ठरवा: सगळी अक्षरं मोठी, मध्ये जागा किंवा आडवी रेघ नाही, शेवटचे अंक नेहमी चार, म्हणजे १२३ असेल तर ०१२३. ‘वाहन’ प्रणालीतही नंबर याच रूपात असतो, त्यामुळे पुढे जुळवाजुळवीला त्रास होत नाही.

उसाच्या वाहतुकीत आणखी एक पेच आहे. ट्रॅक्टरला एक पासिंग नंबर आणि मागच्या प्रत्येक ट्रॉलीला वेगळा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर म्हणजे कागदावर तीन वाहनं. मशीन बसतं ट्रॅक्टरवर, वजन होतं ट्रॉल्यांसकट, आणि हंगामात ट्रॉल्या या ट्रॅक्टरच्या त्या ट्रॅक्टरला जातात. काट्यावरची पावती ट्रॅक्टरच्या नंबरानं निघत असेल तर ट्रॉल्यांचे नंबर त्या खेपेपुरते सोबत नोंदवा. कायमचे जोडून ठेवू नका.

मशीन: पंधरा अंकी आयएमईआय

मोबाइल नेटवर्कवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयएमईआय असतो, मग तो फोन असो की ट्रॅकर. पंधरा अंकांपैकी पहिले आठ मॉडेलचे, पुढचे सहा त्या एका मशीनचे आणि शेवटचा पडताळणीचा. एकाच खेपेत घेतलेल्या पन्नास मशीनचे पहिले आठ अंक म्हणूनच सारखे असतात. पुढचे सहाही बरेचदा पाठोपाठचे निघतात. फोनवर ‘शेवटचे तीन सांगतो, लिहून घे’ ही सवय इथेच घात करते. निदान शेवटचे सात अंक सांगा, त्यात मशीनचा पूर्ण अनुक्रमांक आणि पडताळणीचा अंक दोन्ही येतात.

पडताळणीचा अंक हातानं काढता येतो आणि एकदा तरी काढून पाहावा. समजा पहिले चौदा अंक असे आहेत: ८ ६ १ २ ३ ४ ० १ २ ३ ४ ५ ६ ७. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागेवरचे अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी झाली तर ते दोन अंक मिळवा. ६ चे १२, म्हणजे ३. २ चे ४. ४ चे ८. १ चे २. ३ चे ६. ५ चे १०, म्हणजे १. ७ चे १४, म्हणजे ५. यांची बेरीज २९. विषम जागेवरचे अंक जसेच्या तसे मिळवा: ८, १, ३, ०, २, ४, ६, बेरीज २४. एकूण ५३. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ६० ला, ७ कमी पडतात. म्हणून पंधरावा अंक ७. यादीतल्या आयएमईआयचा पंधरावा अंक असा जुळत नसेल तर लिहिताना चूक झालेली आहे. एखादा अंक चुकला की ही पद्धत नक्की पकडते, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी जवळपास नेहमी पकडते. फक्त ० आणि ९ एकमेकांच्या जागी गेले तर निसटतं.

कधी सोळा अंक मिळतात. तिथे पडताळणीच्या अंकाऐवजी सॉफ्टवेअर आवृत्तीचे दोन अंक लावलेले असतात. पहिले चौदा घ्या आणि पंधरावा वरच्या रीतीनं काढा.

आयएमईआय तीन ठिकाणी मिळतो: मशीनवरचं स्टिकर, खोका आणि खुद्द मशीनचं उत्तर. तिसरं ठिकाण खरं. स्टिकर निघतं, खोके अदलाबदल होतात. बहुतेक मशीन ठरावीक एसएमएसला आपला आयएमईआय परत पाठवतात. हुकूम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि सोबतच्या पत्रकात दिलेला असतो. मशीन डॅशबोर्डच्या आत जाण्याआधी स्टिकरचा फोटो काढून ठेवला नाही, तर नंतर तो नंबर बघण्यासाठी निम्मा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

सिम: तीन क्रमांक, तीन कामं

सिमवर छापलेला १९ किंवा २० अंकी क्रमांक आयसीसीआयडी. सुरुवात ८९ नं होते, कारण हा दूरसंचारासाठी राखलेला आकडा, आणि भारतीय सिमला पुढे ९१ येतो. शेवटचा अंक आयएमईआयसारखाच पडताळणीचा. मशीननं उत्तरात शेवटी इंग्रजी एफ लावला असेल तर तो जागा भरण्यासाठी आहे, नोंदीत घेऊ नका.

आयएमएसआय पंधरा अंकी. तो सिमच्या पोटात असतो, छापलेला नसतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. रोजच्या कामात तो लागत नाही, पण सिम कंपनीशी तक्रार लढवताना मागतात.

तिसरा म्हणजे सिमचा नंबर. यंत्रांच्या नव्या जोडण्यांना जुलै २०१८ पासून १३ अंकी नंबर देण्याचं ठरलं. दहा अंकांपुरतीच जागा असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा नंबर भरताना शेवटचे तीन अंक गळतात. मग एसएमएस जात नाही आणि दोष मशीनवर येतो. रकाना आधी मोठा करून घ्या.

एआयएस-१४० (वाहनातल्या ट्रॅकरचं सरकारी मानक) प्रमाणित मशीनमध्ये सिम आतच बसवलेलं असतं, काढून बघता येत नाही. त्यात एका कंपनीचं जाळं गेलं की दुसरं धरता यावं म्हणून दोन प्रोफाइल असतात, आणि प्रत्येक प्रोफाइलचा आयसीसीआयडी वेगळा असतो. दोन्ही नोंदवा. चिपचा स्वतःचा ३२ अंकी ईआयडी मात्र एकच राहतो. सिमचं नूतनीकरण करताना कंपनी कोणता क्रमांक मागते ते आधी विचारून घ्या. सिमची मुदत संपली की मशीन गाडीत धडधाकट असूनही स्क्रीनवर मेलेलं दिसतं, आणि वायरमन बोलावण्याचा खर्च फुकट जातो.

इथेच एआयएस-१४० बद्दल थोडं. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या वाहनांना हे मशीन आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. दुचाकी, तीनचाकी, ई-रिक्षा आणि परवाना न लागणारी वाहनं यातून वगळलेली आहेत. शेतीचा ट्रॅक्टर यात येत नाही. त्याच्यावर कारखाना बसवतो तो साधा ट्रॅकर. क्रमांक वाचायची रीत दोन्हीकडे एकच.

शीट: इथं सर्वात जास्त नासधूस होते

एक्सेल पंधरा अंकांपुढचं लक्षात ठेवत नाही. आयसीसीआयडी सरळ चिकटवला की सोळाव्या अंकापासून सगळे शून्य होतात आणि मूळ अंक परत येत नाहीत. आयएमईआय पंधरा अंकी असल्यामुळे वाचतो, पण रकान्यात ८.६१ई+१४ असा दिसतो, आणि तसाच कुणी दुसरीकडे उतरवला की संपलं. ड्रायव्हरच्या कार्डाच्या सुरुवातीचे शून्यही एक्सेल गिळून टाकतो. उपाय एकच: काहीही भरण्याआधी ते सगळे रकाने निवडून ‘टेक्स्ट’ करा. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल थेट उघडू नका, ‘डेटा’मधून आयात करा आणि तिथेही रकाना टेक्स्ट निवडा.

रकाने असे असू द्या: चासी नंबर, पासिंग नंबर, आयएमईआय, दोन्ही आयसीसीआयडी, सिम नंबर, मशीनचं मॉडेल, कुठे बसवलं, कुणी बसवलं, पासून तारीख-वेळ, पर्यंत तारीख-वेळ. शेवटचे दोन रकाने सर्वात महत्त्वाचे. मशीन एका ट्रकमधून काढून दुसऱ्यात टाकलं तर जुनी ओळ खोडायची नाही. तिच्या ‘पर्यंत’मध्ये वेळ भरायची आणि खाली नवी ओळ लिहायची. जुनी ओळ बदलली तर गेल्या महिन्यातल्या खेपा आपोआप नव्या गाडीच्या नावावर जातात, आणि टँकरच्या बिलाची तपासणी आली की त्या गावाला पाणी पोचल्याचा पुरावाच उरत नाही.

बसवताना

१. गाडी, मशीन आणि सिम या तिघांचे फोटो एकाच फ्रेममध्ये घ्या. पासिंग पाटीसमोर मशीन धरून काढलेला एक फोटो नंतर शंभर वाद मिटवतो.

२. बॅटरीची वायर एक ते दोन अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. ट्रकला मेन स्विच असेल तर त्याच्या आधीच्या टोकावरून, नाहीतर ड्रायव्हरनं रात्री स्विच पाडला की रोज ‘वीज तोडली’चा इशारा येईल.

३. इग्निशनची वायर मीटरनं शोधा, रंगावरून शोधू नका. चावी सुरू केल्यावर पूर्ण व्होल्टेज, बंद केल्यावर शून्य, आणि सेल्फ मारतानाही व्होल्टेज टिकलेलं हवं. टेपरेकॉर्डरच्या वायरवर सेल्फ मारताना वीज जाते, आणि प्रत्येक वेळी गाडी बंद होऊन चालू झाल्याच्या दोन खोट्या नोंदी पडतात.

४. मशीनवर ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं असतं ते पाळा. वर पत्रा नको. काच किंवा फायबरखाली बसवा.

५. सर्व्हरवर आयएमईआय टाइप करू नका, फोटोतल्या बारकोडवरून स्कॅन करा.

६. गाडी दोन-तीन किलोमीटर चालवा आणि स्क्रीनवर बघणाऱ्या माणसाला फोनवर विचारत राहा: आता डावीकडे वळलो, दिसलं का, आता चावी बंद केली, आली का नोंद. दोन गाड्या एकाच वेळी एकाच आवारात तपासल्या तर अदलाबदल कळतच नाही. एक उभी ठेवा, एक चालवा.

७. आपत्कालीन बटण तपासण्याआधी नियंत्रण कक्षाला कळवा. खरा इशारा समजून तिकडे धावपळ होऊ देऊ नका.

मशीन पाठवतं ती ओळ

एआयएस-१४० ची ओळ स्वल्पविरामांनी तोडलेली असते. सुरुवातीला कंपनीची खूण आणि सॉफ्टवेअर आवृत्ती, मग पॅकेटचा प्रकार. एनआर म्हणजे नेहमीची जागेची नोंद, आयएन चावी सुरू, आयएफ चावी बंद, बीडी बॅटरी तोडली, बीआर परत जोडली, बीएल आतली बॅटरी कमी, ईए आपत्कालीन बटण, टीए मशीन उघडलं, एचबी जोराचा ब्रेक, एचए वेग एकदम वाढवला, आरटी धोक्याचं वळण.

त्यानंतरच्या एका अक्षराकडे फार कमी लोक बघतात. एल म्हणजे आत्ताची नोंद, एच म्हणजे आधीची साठवलेली. बालाघाटाच्या डोंगरात, अंबाजोगाई-पाटोद्याकडच्या काही पट्ट्यांत टॉवर सुटतो. मशीन तेवढ्या वेळातल्या नोंदी साठवतं आणि रेंज आली की एकदम ओततं. एच न बघता या नोंदी ‘आत्ता’च्या समजल्या की गाडी नकाशावर उड्या मारताना दिसते आणि वेगाच्या खोट्या तक्रारी तयार होतात. प्रमाणित मशीनला किमान ४०,००० नोंदी साठवता आल्या पाहिजेत. दर दहा सेकंदाला एक नोंद धरली तर हे ४ लाख सेकंद होतात, म्हणजे साधारण साडेचार दिवस. त्यामुळे ‘रेंज नव्हती म्हणून खेप दिसली नाही’ हे कारण एका दिवसापुरतंही टिकत नाही. नोंद मागून यायला हवी होती. आली नसेल तर मशीनची वीज तपासा. आतली बॅटरी चार तास धरते, त्यापुढे अंधार.

ओळीत पुढे आयएमईआय आणि पासिंग नंबर दोन्ही येतात. पासिंग नंबर मशीनमध्ये बसवताना भरलेला असतो. मशीन दुसऱ्या गाडीत हलवलं आणि तो नंबर आत बदलला नाही, तर सर्व्हरची नोंद एक सांगते आणि मशीन दुसरं. सरकारी कक्षाला दिसतो तो मशीननं पाठवलेला. हलवताना दोन्हीकडे बदला.

मुख्य व्होल्टेजचा आकडाही बोलका असतो. ट्रकला चोवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान आणि ट्रॅक्टरला बारा ते चौदाच्या आसपास हवा. चोवीस व्होल्टच्या ट्रकच्या नावावर सतत तेरा येत असतील तर ते मशीन ट्रकमध्ये नाहीच, कुठल्या तरी ट्रॅक्टरवर किंवा जीपमध्ये बसलेलं आहे. एकही वायर न उघडता अदलाबदल पकडायची ही सर्वात सोपी खूण.

जागा आणि वेळेचे आकडे

साधे ट्रॅकर अनेकदा उपग्रह रिसीव्हरचीच ओळ पाठवतात. तिची पहिली दोन अक्षरं कोणते उपग्रह ते सांगतात: जीपी अमेरिकेचा जीपीएस, जीएल रशियाचा ग्लोनास, जीए युरोपचा गॅलिलिओ, जीआय आपला नाविक, आणि जीएन म्हणजे अनेकांचं मिळून. मग आरएमसी हा ओळीचा प्रकार, मग वेळ, मग ए किंवा व्ही. व्ही असेल तर जागा भरवशाची नाही, ती नोंद नकाशावर टाकूच नका.

आता अक्षांश-रेखांश. जालन्याजवळची एक नोंद १९५०.०८२०, ०७५५२.८९६० अशी येते. हे १९ अंश ५०.०८२० मिनिटं आणि ७५ अंश ५२.८९६० मिनिटं आहे. मिनिटांना ६० नं भागून अंशात मिळवायचं: १९.८३४७ आणि ७५.८८१६. हे न करता कुणी नुसता दशांश सरकवून १९.५००८ आणि ७५.५२८९ केलं, तर गाडी सदतीस किलोमीटर दक्षिणेला आणि तितकीच पश्चिमेला सरकते. म्हणजे जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यात भरत असलेला ट्रक पैठणच्या पूर्वेला पंधरा किलोमीटरवर उभा दिसतो. रस्ताही थोडाफार खऱ्यासारखा उमटत असल्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल मात्र लगेच कळते, कारण गाडी थेट आर्क्टिक समुद्रात पोचते. आणि शून्य-शून्य आलं तर आफ्रिकेजवळच्या समुद्रात दिसते. तिथे मशीनला उपग्रहच सापडलेले नसतात.

या ओळीतला वेग नॉट्समध्ये असतो. १.८५२ नं गुणा. २१.६ म्हणजे ताशी ४० किलोमीटर. गुणायचं राहिलं तर ताशी शंभरनं पळणारी गाडी चोपन्नची दिसते आणि वेगमर्यादेचा इशारा कधीच येत नाही.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. दिवसा हे लक्षात येतं. रात्री फसवतं. १५ तारखेला पहाटे दोनला काट्यावर आलेला ऊस मशीनच्या हिशोबानं १४ तारखेला रात्री साडेआठचा असतो. कारखान्याचा दिवस आणि मशीनचा दिवस जुळवताना मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या खेपा वेगळ्या काढून बघा, फरक नेहमी तिथेच निघतो. एखादं जुनं मशीन सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल तर तो जीपीएसच्या आठवडे मोजणीचा प्रश्न आहे. ती मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, मागच्या वेळी एप्रिल २०१९ मध्ये आली. फर्मवेअर (मशीनमधलं सॉफ्टवेअर) बदलता येत नसेल तर मशीन बदला.

ड्रायव्हरची ओळख

ड्रायव्हर गाडीतल्या रीडरला लावतो त्या कार्डावर अनेकदा एकाच क्रमांकाची दोन रूपं छापलेली असतात: ०००४७९१२३४ आणि त्याच्या पुढे ०७३,०७१०६. हे वेगळे क्रमांक नव्हेत. ७३ ला ६५,५३६ नं गुणून त्यात ७,१०६ मिळवले की ४७,९१,२३४ येतात. एक रीडर पहिलं रूप पाठवतो, दुसरा दुसरं. गाड्यांत दोन कंपन्यांचे रीडर असतील तर एकाच ड्रायव्हरची दोन माणसं तयार होतात. धातूच्या गोल चावीचंही असंच. तिच्यावर कोरलेले सोळा अक्षर-अंक काही रीडर उलट क्रमानं पाठवतात, काही पहिली दोन आणि शेवटची दोन गाळून. नोंद करताना कार्डावरचं वाचू नका. कार्ड त्याच रीडरला लावा आणि सर्व्हरवर जे उमटेल ते घ्या.

इंजिनचे कोड

मशीन गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असेल तर बिघाडाचे कोडही येतात. कार-जीपमध्ये ते पाच अक्षरांचे: पहिलं पी असेल तर इंजिन-गिअर, सी चासी, बी बॉडी, यू आपसातलं जाळं. मोठ्या ट्रकमध्ये दोन आकडे येतात, एसपीएन म्हणजे कोणता भाग आणि एफएमआय म्हणजे काय झालं. ११० आणि ० म्हणजे कूलंट फार तापलंय. १०० आणि १ म्हणजे ऑइलचा दाब धोकादायक खाली गेलाय. या दोन्हींत गाडी लगेच बाजूला घ्यायला सांगा. बाकीच्यांसाठी कंपनीच्या वर्कशॉपची यादी बघा.

रस्ते, ठिकाणं, टोल

नकाशात जुने आणि नवे रस्ता क्रमांक मिसळलेले असतात. सोलापूर-धुळे पूर्वी २११ होता, आता ५२. नगर-परभणी-नांदेड मार्गाचा जुना क्रमांक २२२, नवा ६१. तुळजापूर-लातूर-नांदेड हा ३६१. मार्ग ठरवून देताना नवे क्रमांक वापरा आणि जुने कंसात टाका, कारण जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी तेच आहेत. ठिकाणांची नावंही दोन-दोन झाली आहेत. ‘औरंगाबाद डेपो’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर डेपो’ अशा दोन सीमा नकाशावर एकाच जागेभोवती आखल्या गेल्या तर प्रत्येक खेप दोनदा मोजली जाते. ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’चं तेच. प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा छोटा कोड द्या, नाव त्याच्या शेजारी ठेवा. शेतातल्या फडाला पत्ता नसतो, तिथे टपाल खात्यानं २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी डिजिपिन कामाचा आहे. तो साधारण चार मीटर चौरसापर्यंत जागा सांगतो आणि पावतीवर मावतो.

फास्टॅग नवीन गाडी चासी नंबरावर घेते. पासिंग झाल्यावर बँकेकडे नंबर अद्ययावत केला का ते बघा, आणि गाडीचा वर्ग आरसीशी जुळवा. टोलची नोंद आणि ट्रॅकरची नोंद शेजारी ठेवली की दुसऱ्या गाडीवर लावलेला टॅग लगेच उघडा पडतो. ई-वे बिल बारा अंकी. त्याच्या भाग ब मध्ये पासिंग नंबर असतो. वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरला तर भाग ब तिथेच बदलला पाहिजे. नाहीतर बिलावरची गाडी वाळूजला आणि माल बीडला अशी गाठ तपासणीत पडते.

गाडी विकताना

मशीन काढून घ्या किंवा आयएमईआय त्या चासी नंबरापासून सोडवून ‘पर्यंत’ची वेळ भरा. आतला पासिंग नंबर पुसा. मशीन गाडीसोबत देणार असाल तर सिमची जबाबदारी नव्या मालकाच्या नावावर लेखी करून द्या, आणि आपल्या सर्व्हरवरचा त्या मशीनचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा, म्हणजे नव्या मालकाच्या गाडीची हालचाल तुमच्या स्क्रीनवर दिसत राहणार नाही. फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या. ड्रायव्हरची कार्डं मोजून परत घ्या, आणि जे कार्ड मिळालं नाही त्याचा क्रमांक सर्व्हरवर अडवा.